गबरूच्या वाट्याचा घास

नाव गबरू आणि बरगड्या लांबूनही मोजता याव्यात अशी अंगकाठी. पवनानगरच्या चौकात या नावावरून रुपालीची इतकी चेष्टा व्हायची, की तिने त्याला तिकडे नेणंच सोडून दिलं. धरणाकाठच्या कॅम्पवर मुक्कामाला आलेल्या कुणीतरी, सारखं ओकतंय म्हणून हे कुत्र्याचं पिल्लू तंबूमागे टाकून दिलं होतं. ते लोक शहरात जाऊन मोकळे झाले आणि कॅम्पवर भांडी घासणारी रुपाली अडकली.

कामशेतच्या जनावरांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढून सांगितलं, "याची अन्ननलिका सैल पडलीय. खाल्लेलं पोटात उतरतच नाही, मधेच साचतं आणि उलटून पडतं. पातळ भरवा, उभं धरून भरवा आणि नंतर वीस मिनिटं तसंच उभं ठेवा. आत्ता वजन बारा किलो आहे. ते असंच उतरत राहिलं, तर मला काही करता येणार नाही."

रुपालीने कॅम्पवरून एक निळं पिंप मागून आणलं, त्याची एक बाजू कापली, आत जुनी गोधडी कोंबली. त्यात गबरू मागच्या पायांवर उभा आणि पुढचे पंजे काठावर, पुढारी भाषणाला उभा राहतो तसा. सकाळी कामाला जायच्या आधी, दुपारी तीनला परतल्यावर आणि दिवेलागणीला ती त्याला अंडं फेटलेली तांदळाची पेज चमच्याचमच्याने भरवायची. नवरा राजेंद्र जीपच्या फेऱ्या मारून घरी यायचा, तेव्हा बायको पिंपाला मिठी मारून बसलेली. "माजी बी कवातरी अशी बडदास्त ठेव की," तो म्हणायचा.

दर सोमवारी दुपारी, पेज भरवायच्या आधी, ती गबरूला गोणीत घालून मासेवाल्यांच्या काट्याला टांगायची. पहिल्या सोमवारी साडेअकरा किलो. दुसऱ्या सोमवारी काटा अकरावर आला, तेव्हा ती तिथेच माशांच्या खवल्यांत बसून रडली. पेज आणखी पातळ करून झाली होती, देवाला नारळ बोलून झाला होता. काय चुकतंय तेच कळेना. गबरू गोणीतून मान काढून तिचा हात चाटत होता, आणि त्यानेच तिचा जीव जास्त तुटत होता.

त्याच बुधवारी कॅम्प रिकामा होता, म्हणून ती बाराला घरी आली. ओट्यावर तिचे सासरे, ऐंशीचे भिमाजीआबा, जेवायला बसले होते. त्यांनी भाकरीचा पहिला तुकडा मोडला आणि गबरूपुढे ठेवला. गबरूने तो न चावताच गिळला, मग गोठ्याआड जाऊन सगळं ओकला. आबा मुकाट उठले आणि त्यावर राख टाकून आले.

"आबा!" रुपालीच्या तोंडाला लगाम राहिला नाही. "मी त्याला जगवायला मरतीय, आन तुमी त्याला मारताय व्हय?"

"येक घास तर हाये, पोरी. कोरडी भाकर. तिला काय जेवान म्हनायचं?"

"त्यो घास आत आडकतो, मंग माजी पेज बी भायेर पडती! परत काय घातलंत, तर कुत्रं घिऊन म्हायेरी जाईन."

आबांनी ताट सरकवलं. "न्हाई घालत," एवढंच म्हणाले.

राख टाकत होते म्हणजे सगळं कळत होतं, हे तिच्या मनातून जाईना. ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलू लागली. शब्द मात्र आबांनी पाळला. पुढच्या सोमवारी काटा अकरावरच थांबला आणि त्याच्या पुढच्या सोमवारी चारशे ग्रॅमनी वर गेला. रुपाली गोणी कवटाळून धावतच घरी आली.

"आबा, चढलं! वजन चढलं!"

आबा हसून उठायला गेले आणि खांब धरून खालीच बसले. ती घाबरून पाणी आणायला वळली, तर गोठ्यात, चरायला गेलेल्या गाईच्या गव्हाणीत तिने सकाळी थापलेल्या दोन्ही भाकरी पडलेल्या.

"जेवला न्हाई तुमी? किती दिस?"

"तू बोललीस तवापास्नं दुपारचं न्हाई जेवलो." आबा ओशाळले. "कुत्र्याला घास काढल्याबिगर दुपारचं जेवान मी जल्मात केलं न्हाई. आईनं तसंच शिकिवलं. ते म्होरं बसून बगतंय, आन मी एकट्यानं गिळायचं? प्रयत्न केला. उतरतच न्हाई, पोरी."

रुपालीला स्वतःची लाज वाटली. बारा दिवस ती कुत्र्याच्या पोटावरून हात फिरवून बघत होती आणि म्हाताऱ्याकडे तिने मान वर करून पाहिलं नव्हतं. तिने गबरूला पिंपात उभं केलं, पेज ढवळली आणि वाटी आबांच्या हातात दिली.

"ह्यो तुमचा घास. रोज दुपारचा तुमीच भरवायचा, मी शिकिवते. आन मंग जेवायचं, माज्याम्होरं."

आबांनी चमचा भरून उचलला, तर तो कलून पेज सांडायला लागली. रुपालीने त्यांचं मनगट खालून धरलं, आणि तिच्या मुठीत नुसतं हाड आलं.