देवघरात ठेवलेला सरकारचा वाटा

मित्रांनो, माझ्या झाकणाला अजून मटणाच्या रश्श्याचा वास येतो, तेवढं पोटात घाला. मी देवघरातला जुना पितळी डबा. असा वास अंगाला लागावा असं माझं कुळ नव्हे.

साताऱ्याच्या एका तांबटानं मला ठोकून घडवलं. रंगूबाईंच्या लग्नात मी उंब्रजजवळच्या त्यांच्या सासरी आलो. माझ्यात वाती आणि कापूर असे. दर गुरुवारी त्या मला चिंचेनं घासत आणि आल्यागेल्याला म्हणत, "सोन्यावानी दिसतोय न्हवं?" मग घरात स्टील आलं, मी माळ्यावर गेलो. तिथं उंदरांनी माझ्यावर केलेली घाण आठवली तरी अंगावर काटा येतो. पण पुढं जे सोसलं, त्यापुढं उंदीर सोवळ्यातले म्हणायचे.

घर कुपवाडला आलं, तेव्हा मीही आलो. सून माया घरी बसून कारखान्यांना यंत्रांच्या भागांचे नकाशे कॉम्प्युटरवर काढून देते. तिला स्वतःचा छोटा गाळा घ्यायचा होता. कर्जासाठी बँकेनं कर भरल्याच्या पावत्या मागितल्या होत्या.

"आत्या," ती सासूला म्हणाली, "मला पगार न्हाई. कर कापून घ्यायला वर सायब न्हाई. माझा मीच बाजूला काढला तर ऱ्हाईल."

"मग बँकेत ठिव की."

"खातं दोघांचं हाय. ह्यांच्या फोनवर दिसलं की उडालंच म्हणून समजा."

रंगूबाई हसल्या. "मग देवापाशी ठिव. देवाच्या डब्याला हात लावायची कुणाची छाती हाय?"

मला माळ्यावरून उतरवलं, घासलं. प्रत्येक बिलातला चौथा हिस्सा माया माझ्यात ठेवू लागली. किती मान वाटला म्हणून सांगू!

मार्चच्या मध्याला कराचा वर्षातला शेवटचा हप्ता भरायचा होता आणि त्याच सुमारास गावची जत्रा आली. घरात कोणी नाही असं पाहून मायाचा नवरा जयराज देवघरात आला. गुटख्यानं लाल झालेली बोटं त्यानं माझ्यात घातली, सगळ्या नोटा उपसल्या. एवढ्यावर थांबला असता, तर मी गप्प बसलो असतो. त्यानं मला हळदीकुंकू लावलं, हात जोडले आणि म्हणाला, "देवा, तुझंच तुला." शिसारी आली मला!

त्या पैशांवर डॉल्बी दणाणला, मटणाच्या पंगती उठल्या. वेशीवर बोर्ड लागला. त्यावर गळ्यात सोन्याची साखळी घातलेला जयराज, खाली 'अन्नदाते'. घरी परतल्यावर न धुतलेल्या हातांनी त्यानं प्रसादाचा नारळ माझ्यात कोंबला.

मायानं हप्त्यासाठी झाकण उघडलं, तर आत नुसता नारळ. "आत्या, परवा भरायचं हाय. आता गाळा गेला."

"रडाय काय झालं?" जयराज म्हणाला. "देवाच्या डब्यातलं देवालाच गेलं. पुण्यच की!"

रंगूबाई कधी आवाज चढवत नाहीत. त्या दिवशीही नाही.

"जयराज, देव मटान मागाय आलता का तुझ्याकडं?"

"आये, गावात मान ऱ्हायला का न्हाई?"

"बायकूचं डोळं त्या पडद्यापुढं फुटायचं, आन् मान तुझा? गळ्यातली साखळी काड."

"आये, लोक काय म्हणतील?"

"लोकांनी जेवून हात धुतलं. तू अजून धुतलं न्हाईस. साखळी काड, न्हायतर माझ्या देवापुढं उभा राहू नगंस."

त्यानं रागानं साखळी काढून मायापुढं टाकली. मायानं ती सोनाराकडं मोडली आणि हप्ता वेळेत भरला. त्याच दिवशी तिनं फक्त स्वतःच्या नावाचं खातं उघडलं. रंगूबाईंनी माझ्याकडं पाहिलं, तेव्हा ती हळूच म्हणाली, "न्हाई आत्या, आता ह्यात न्हाई ठेवणार."

मला वाईट वाटलं. पण ती बरोबरच बोलली.

मित्रांनो, तुम्ही मोठे होऊन कुणाच्या नोकरीत नसाल, स्वतःच्या कामावर जगाल, तर पैसे हातात येतील त्याच दिवशी कराचा वाटा वेगळा काढा आणि कुलपात ठेवा. देवाला त्याची राखण सांगू नका. देव कुणाचा हात धरत नाही. आणि जोडलेले हात किती घाण असू शकतात, ते मी आतून पाहिलं आहे.