चष्मेवाल्यांनी होडी निवडली

लग्नाला पंचवीस वर्षं पूर्ण व्हायला थोडेच दिवस उरले होते, तेव्हा एका संध्याकाळी जेवता जेवता चष्मेवाल्यांनी जाहीर केलं, "या खेपेला काय करायचं ते मी ठरवणार."

बायकोच्या हातातला घास हातातच राहिला. समोर बसलेल्या अक्कांना, म्हणजे चष्मेवाल्यांच्या थोरल्या बहिणीला, असा ठसका लागला की पाठ चोळावी लागली.

त्यात दोघींचा काही दोष नव्हता. चष्मेवाले दिवसभर दुकानाच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत गिऱ्हाइकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलत विचारत असत, "ही बरी की ही बरी? आता? आणि आता?" पण स्वतः काही निवडायची वेळ आली की या माणसाला कोणतीच काच लागू पडत नसे. त्यांनी फ्रीज निवडायला घेतला तेव्हा उन्हाळा लागला होता, आणि तो घरात आला तेव्हा उन्हाळा सरला होता. बाहेरच्या खोलीला रंग कोणता द्यावा म्हणून त्यांनी भिंतीवर इतक्या रंगांचे इतके पट्टे ओढले, की येणारा-जाणारा तीच नक्षी समजून वाखाणू लागला. शेवटी तेच राहू दिलं.

बायकोचं सगळं उलट. ती शहरातली बस चालवायची. गल्लीत तिला सगळे बसवहिनी म्हणत. निर्णय घेतल्याशिवाय चौक ओलांडता येत नाही, हे तिचं रोजचं शास्त्र. घरातले झाडून सगळे निर्णय तिनेच घेतले होते, लग्नाचासुद्धा. दोन भेटी झाल्यावरही चष्मेवाले "विचार करून सांगतो" म्हणाले, तेव्हा तिने सांगून टाकलं होतं, "विचार तुम्ही सावकाश करा, तारीख मी ठरवते."

"बरं," ती आता म्हणाली, "ठरवा तुम्ही. कोणत्या वाढदिवसाला ते तेवढं सांगा. पंचविसाव्या की पन्नासाव्या?"

"हसा, हसा," चष्मेवाले म्हणाले. "सरप्राइज आहे."

त्यानंतर ते भलतेच गंभीर झाले. मोबाइल पालथा ठेवू लागले. आणि एके दिवशी सकाळी बूट घालता घालता, वर न बघता म्हणाले, "आज उशीर होईल मला. दुकानात स्टॉक मोजायचाय."

त्याच संध्याकाळी बसवहिनी नदीवरच्या मोठ्या पुलावर अडकली. पुढे कुठेतरी गाडी बंद पडली होती. मोटारीत बसणाऱ्यांना त्या पुलावरून फक्त कठडा दिसतो, पण बसच्या ड्रायव्हरची सीट उंच. तिथून पाणी दिसतं, दोन्ही काठांवरच्या इमारती दिसतात, आणि संध्याकाळी हवा खायला निघालेल्या होड्या दिसतात. त्यात कॅटमरान जातीची एक होती. दोन अरुंद होड्या शेजारी शेजारी ठेवून वर माची बांधावी, तशी दिसते ती. माचीवर जोडपी बसली होती, गळ्यात हात टाकून, सूर्याकडे तोंड करून. आणि त्या सगळ्या जोडप्यांच्या मधोमध, गुडघ्यांवर पांघरूण घेऊन, ग्लासातलं काहीतरी नळीने ओढत, एकटेच बसले होते चष्मेवाले.

बसवहिनीने डोळे चोळले. टक्कल तेच, शर्टही तिनेच आणलेला. मागून कोणीतरी ओरडलं, "बाई, रस्ता मोकळा झाला!" तेव्हा तिने गाडी हलवली.

त्यांच्यावर वाईट संशय घ्यायचं तिच्या मनातसुद्धा आलं नाही. फ्रीज घेण्याआधी दुकानात जाऊन प्रत्येक फ्रीजचं दार उघड-बंद करून आवाज ऐकणारा माणूस तो. होडी पसंत करायची तर आधी बसून बघणारच. पण आपल्याला कळलंय हे त्यांना सांगायची घाई तिला नव्हती. मजा अशी फुकट घालवायची नसते.

"झाला मोजून स्टॉक?" घरी आल्यावर तिने विचारलं.

"हो. म्हणजे, बराचसा."

"नाक लाल झालंय तुमचं."

चष्मेवाल्यांनी नाकाला हात लावला. "ट्यूब बदलल्यात दुकानात. फार प्रखर आहेत."

"आणि केस? कानावर होते तेवढेही उभे राहिलेत."

"पंखा," चष्मेवाले म्हणाले, आणि ताटात मान घालून बसले.

अक्का खालच्या मजल्यावर राहत आणि दुकानात गल्ल्यावर बसत. म्हणजे स्टॉक मोजला असता तर तो त्यांनीच. दुसऱ्या दिवशी बसवहिनीने त्यांना जिन्यात गाठलं.

"अक्का, काल स्टॉक फार होता का हो?"

"मला काही विचारू नकोस," अक्का म्हणाल्या. "मी शब्द दिलाय त्याला."

"नाही विचारत."

अक्का दोन पायऱ्या उतरल्या आणि थांबल्या. त्यांच्या तोंडात तीळ भिजत नसे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांनाही.

"सूर्यास्ताची सफर आहे," त्या वळून म्हणाल्या. "नदीवर. पण कुठली होडी ते ठरेना त्याचं, म्हणून एकेकीत बसून बघतोय. मी म्हटलं, ती टेबलखुर्च्यांची मोठी बोट घे, जेवणपण देतात. तर म्हणतो, तिच्यात सूर्य खांबाआड जातो. आता सूर्य काय आपण बघितला नाही कधी? पण तू यातलं काही ऐकलेलं नाहीस हं."

"कशातलं?" बसवहिनीने विचारलं, आणि अक्का समाधानाने दुकानात गेल्या.

पुढच्या आठवड्यात पुन्हा स्टॉक मोजायचा निघाला. बसवहिनीने पुलावर गाडी मुद्दामच हळू घेतली. ही होडीही तशीच जोडीची, पण वेगळी, मोठ्या पांढऱ्या शिडाची. पुढच्या अंगाला दोन होड्यांच्या मध्ये जाळी ताणलेली, आणि जाळीवर चष्मेवाले आडवे पसरलेले, पोटावर हात ठेवून, एखाद्या संस्थानिकासारखे. तिला राहवलं नाही. तिने हॉर्न दाबला. लांबलचक, पूल दणाणेल असा.

चष्मेवाल्यांनी वर पाहिलं. बसचा नंबर त्यांना पाठ होता. पुढच्याच क्षणी त्यांनी पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं, आणि जाळीवर नुसतं एक गाठोडं उरलं.

"काय झालं हो?" पहिल्या सीटवरच्या म्हातारीने विचारलं.

"काही नाही, आजी. ओळखीचा मासा दिसला."

त्या रात्री चष्मेवाले घरी आले ते ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्या माणसासारखे. बायको काही बोलेना, तसा त्यांचा जीव आणखीच टांगणीला लागला. तिने पाहिलं होतं की नव्हतं? शेवटी भांडी विसळता विसळता त्यांनीच विषय काढला.

"एक गिऱ्हाईक आलं होतं आज. त्याला बायकोला होडीतून न्यायचंय. दोन होड्यांवर अडलंय बिचाऱ्याचं."

"अगं बाई. मग?"

"पहिली रुंद आहे. हलत नाही, अर्ध्या भागावर छप्पर, गाणी लावतात, खायला-प्यायला देतात. दुसरी नुसती शिडावर चालते. पुढे जाळी आहे, पाठ टेकता येते. पण पाणी उडतं अंगावर. तुला काय वाटतं, पहिली बरी की दुसरी?"

"मला दोन्ही सारख्याच दिसतात," बसवहिनी म्हणाली. दुकानात निम्मी गिऱ्हाइकं हेच उत्तर देत, आणि चष्मेवाल्यांना त्याची भयंकर चीड होती. "पण त्याच्या बायकोला काय आवडतं, ते त्याला ठाऊक असेलच ना?"

चष्मेवाले हातातली बशी पुसत राहिले. कोरडी झाली तरी पुसत राहिले.

"तिला ना," ते हळूच म्हणाले, "सकाळपासून इंजिनाची घरघर असते कानात. घरी आली की आधी टीव्ही बंद करते. मग पहिलीत काय अर्थ आहे? तिलाही इंजिन आहेच, आणि वर गाणी."

"गिऱ्हाइकाची बायको इंजिन चालवते वाटतं?"

"शिवणयंत्र," चष्मेवाले घाईघाईने म्हणाले. "मोटरचं."

बसवहिनी पाठमोरी होऊन ओटा पुसू लागली. तिला हसू आलं होतं. ते तिने गिळलं. "मग शिडाची घ्यायला सांगा," असं ती म्हणालीच नाही. पंचवीस वर्षांत प्रथमच हा माणूस ठरवण्याच्या इतका जवळ आला होता. मध्ये बोलून तिला विचका करायचा नव्हता.

सकाळी उठल्या उठल्या चष्मेवाल्यांनी शिडाची होडी पक्की केली. कोणालाही न विचारता.

लग्नाच्या वाढदिवसासाठी बसवहिनीने पहाटेची पाळी मागून घेतली. संध्याकाळी निळा ड्रेस घालून ती धक्क्यावर उतरली आणि होडीकडे बघून तिने शिकवून ठेवल्यासारखा आश्चर्याचा सूर काढला, "अय्या, होडी!" चष्मेवाल्यांची छाती फुगली. तेवढ्यात होडीची कॅप्टन, एक धिप्पाड आणि हसरी बाई, दोर सोडता सोडता ओरडली, "आलात का काका? आज पांघरूण कुठवर देऊ? गुडघ्यापर्यंत की गेल्या वेळेसारखं डोक्यावरून?"

चष्मेवाल्यांचा चेहरा पडला.

"कॅप्टनबाई," बसवहिनी म्हणाली, "तो हॉर्न वाजवणारी मीच."

कॅप्टन इतकी हसली की दोर तिच्या हातून सुटला. होडीतली इतर जोडपीही कारण न कळता हसू लागली.

"म्हणजे तुला आधीपासून..." चष्मेवाले पुटपुटले.

"पहिल्या होडीपासून. नळीने काय पीत होतात हो?"

"लिंबाचं काहीतरी होतं. बरं नव्हतं." मग तेही हसले. कान लाल झाले होते, पण हसले.

होडी निघाली. सुरुवातीला बसवहिनीला चैन पडेना. ब्रेक कुठे आहे, असं तिने कॅप्टनला विचारलं. नसतो म्हटल्यावर तिने जाळीचा दोर घट्ट धरला. समोरून बोट आली तर आधी कोणी जायचं, याची चौकशी केली. चष्मेवाले जाणकारासारखे सांगत होते, आता डावीकडे घड्याळाचा मनोरा येईल, आता वारा फिरेल, आता जरा गार थेंब उडतील. उडाले. शीड भरलं. मग कसलाच आवाज उरला नाही, फक्त खाली पाण्याची चुबुकचुबुक. बसवहिनी जाळीवर मागे रेलली. पाय लांब केले. चष्मेवाल्यांनी तिच्या चपला उचलून आपल्या मांडीवर घेतल्या, जाळीतून पडतील म्हणून.

तिने डोळे उघडले तेव्हा दोन्ही काठांवर दिवे लागले होते.

"सूर्य?" ती ताडकन उठून बसली.

"गेला."

"कधी? अहो, उठवलं का नाहीत मला?"

चष्मेवाले ओशाळले. "उठवावं की झोपू द्यावं, ते ठरेना. इतकी गाढ झोपली होतीस. पण म्हटलं, याच्यासाठी तर आलोय. मग म्हटलं, पहाटेपासून जागी आहे. पुन्हा म्हटलं, नंतर रागावेल. तोवर तो गेलाच."

"निदान तुम्ही तरी बघितलात का?"

"कुठला? तुझ्याकडे बघून ठरवत होतो ना."

बसवहिनी त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिला हसण्याची अशी उबळ आली की जाळी हलू लागली आणि कॅप्टनने मागून हाक मारली, "काका, सगळं ठीक?" अशी झोप आपल्याला कित्येक वर्षांत लागली नव्हती, हे तिने त्यांना सांगितलं, पण ते घरी जाताना, आणि सहज सांगितल्यासारखं.

धक्क्याला उतरता उतरता तिने पुढच्या शनिवारची सफर ठरवून टाकली, चपला पायात सरकवायच्या आधीच. अक्कांनाही घेतलं. अक्का सगळी वाट बोलत होत्या, टेबलखुर्च्यांची बोट कशी बरी पडली असती ते. सूर्य गच्च्यांना टेकला तेव्हा नीट दिसावा म्हणून त्या उठून पुढे उभ्या राहिल्या, शिडाच्या दोराला धरून, दोघांच्या बरोबर समोर.

नदीवरचा सूर्यास्त कसा असतो, असं कोणी विचारलं तर बसवहिनी सांगते, छान असतो म्हणतात. आमचा अक्कांच्या पाठीमागे झाला.