सिएनाची भिंत

ढुंढिराज दीक्षितांनी आर्किटेक्चर कॉलेजात सारी हयात इतिहास शिकवण्यात घालवली. पंचवटीतल्या भिक्षुकी घरातला माणूस, पण जीव जडला तो इटलीतल्या सिएनाच्या कॅथेड्रलवर. ते त्यांनी कधी पाहिलं मात्र नव्हतं. निवृत्तीनंतर पत्नीबरोबर जायचं ठरलं होतं. त्याआधीच सुधाताई वारल्या.

मुलगा मयुरेश नोकरीनिमित्त मिलानला असतो. रविवारी दुपारी ते जेवत असताना त्याचा व्हिडिओ कॉल आला. त्याच्या मागे काळ्या-पांढऱ्या संगमरवराचे पट्टे दिसले आणि ढुंढिराजांनी ताट बाजूला सारलं.

"बाबा, बघा कुठे आलोय! पण आत जायला केवढी रांग आहे."

"आत राहू दे. उजवीकडे वळ. एक उंच भिंत दिसते का, नुसतीच उभी?"

"दिसतेय. पण इथे काहीच नाहीये हो. गाड्या लावल्यात."

"तिथेच मुख्य दालन व्हायचं होतं. आत्ताचं अख्खं कॅथेड्रल त्या नव्या क्रुसाच्या आकारातला फक्त आडवा हात ठरलं असतं, एवढं मोठं. तेराशे एकोणचाळीसमध्ये काम काढलं. नऊ वर्षांत प्लेग आला, गावात माणसं उरली नाहीत. त्यात खांब बारीक पडले, भिंती तडकल्या. काम थांबलं ते थांबलंच."

"मग पाडलं नाही?"

"धोक्याचं होतं तेवढं पाडलं. ही राहिली."

"बाबा, तुम्हीच या ना. तिकीट काढतो."

"बघू पुढच्या वर्षी."

हे ते दरवेळी म्हणत. तेवढ्यात मयुरेशला मित्रांनी हाक मारली, कॉल संपला. खांबांबद्दल अजून सांगायचं होतं. वरणभात गार झाला होता. तो त्यांनी तसाच संपवला.

संध्याकाळी फोटो आला. मयुरेश आतल्या जिन्याने त्या भिंतीवर चढला होता. वर्गात फळ्यावर ढुंढिराज ज्या दालनाच्या तुटक रेषा काढत, त्याची मोकळी जागा वरून सबंध दिसत होती. खाली लिहिलं होतं, 'तुमच्यासाठी चढलो.'

ढुंढिराजांचे डोळे भरून आले. कुणाला तरी दाखवावंसं वाटलं. ते खाली उतरले. सोसायटीच्या बाकावर तळमजल्यावरचा धनराज बसला होता, सटाण्याचा कांद्याचा व्यापारी. त्याने फोन लांब धरून पाहिलं.

"लय भारी, सर! गोव्याचं चर्च का?"

ढुंढिराजांनी सांगायला तोंड उघडलं, तोच धनराजचा फोन वाजला. एका हाताने त्याने तो कानाला लावला, दुसऱ्याने ढुंढिराजांचा परत दिला.

"हो," ढुंढिराज म्हणाले, आणि फाटकापर्यंत एकटेच चालत गेले.