नाकात सापडलेला जंतू

आमच्या घरात औषधाचा कोर्स पुरा करणं म्हणजे उधळेपणा. ताप उतरला की गोळ्या बंद, आणि उरलेल्या गोळ्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. डबा सासऱ्यांच्या ताब्यात. टपालखात्यात जन्मभर पत्रं निवडल्यामुळे रोगही नुसते पाहून निवडता येतात, अशी त्यांची समजूत. नणंदेच्या दाढेला दोन गोळ्या, नवऱ्याच्या मानेवरच्या गळवाला तीन. रोग म्हणे तेवढ्यानेच घाबरतो.

मी पडले शिकलेली. मी नाक मुरडायचे.

मग आमच्या नऊ महिन्यांच्या चिमणीच्या मांडीवर पुळी आली. मोहरीएवढी होती, दुसऱ्या दिवशी लिंबाएवढी झाली, लाल, गरम. सासऱ्यांचा हात डब्याकडे गेला, तशी मी आडवी आले. सासूबाई म्हणाल्या, माझी दोन्ही पोरं याच डब्यावर वाढली. मी म्हटलं, दिसतंच आहे. त्यानंतर घरात भांडीसुद्धा हळू वाजत होती.

डॉक्टरबाईंनी दिलेलं औषध मी गजर लावून पाजलं. ताप चढतच गेला. चिमणीला दवाखान्यात ठेवलं, गळू कापलं, पू तपासायला गेला. तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. औषधांची लांबलचक यादी, आणि जवळजवळ प्रत्येकापुढे तोच शेरा: जंतू दाद देत नाही. आमच्या घराशी संबंध असलेल्या एकाने तरी कोर्स पुरा केला होता: या जंतूने.

डॉक्टरबाईंनी समजावलं की हा स्टॅफिलोकोकस. कितीतरी लोकांच्या नाकात, कातडीवर गुपचूप राहतो. पण हा वाण औषधांना पुरून उरलाय, शिवाय विष सोडून आपल्याच पांढऱ्या पेशी फोडतो. हाडात उतरला तर पाय... सलाईनमधून द्यायचं एक औषध शिल्लक होतं. ते सुरू केलं.

मग घरातल्या सगळ्यांच्या नाकातले नमुने घेतले. खोटं कशाला बोलू, सासऱ्यांच्या निकालाची मी दहावीच्या निकालासारखी वाट पाहिली.

सासरे स्वच्छ. सासूबाई, नणंद, नवरा, सगळे स्वच्छ. माझ्या नाकात तोच जंतू, तीच यादी.

मधे काही औषध घेतलं होतं का, डॉक्टरबाईंनी विचारलं. घेतलं होतं. चिमणी चार महिन्यांची असताना माझ्या छातीत दूध साकळून गाठ आली, ताप आला. दहा दिवसांचा कोर्स होता. तिसऱ्या दिवशी बरं वाटलं, आणि औषध दुधात उतरतं असं मोबाईलवर वाचून मी तो थांबवला. डॉक्टरला न विचारता. उरलेल्या गोळ्या कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकल्या; डब्यात टाकायला मी काय अडाणी होते?

"त्यामुळेच झालं असं खात्रीने नाही सांगता येणार," त्या म्हणाल्या. "पण असे जंतू तगतात ते अशानेच."

त्या सकाळी चिमणीचा ताप उतरला होता. सलाईन मात्र अजून आठ दिवस चालणार होती.

बाहेर बाकावर सासरे अंग चोरून बसले होते.

"माझ्यामुळेच ना गं?" त्यांनी विचारलं.

हो म्हटलं असतं तर कुणी उलटतपासणी घेतली नसती. शेजारी उभ्या नवऱ्याने तर होकारार्थी मान हलवायला सुरुवातही केली होती. आतून चिमणीचं रडणं ऐकू आलं. सुई बदलत होते.

"नाही बाबा. माझ्या नाकात सापडला. मी गोळ्या अर्ध्यावर सोडल्या होत्या."

टोमणा यायला हवा होता; मी असते तर मारला असता.

"नाकाला मलम दिलंय?"

"पाच दिवस लावायचंय."

"मग पाच म्हणजे पाच," ते म्हणाले. जन्मात गोळ्यांचं एक पाकीट न संपवलेला माणूस मला दरडावत होता, आणि मी मान खाली घालून हो म्हटलं.