कपाट बिघडवून मिळेल

साठ नंबर
(माझ्याकडच्या पॉलिश पेपरांत हा सगळ्यांत खरखरीत. सुरुवात यानंच करतात; आकडा वाढतो तसा पेपर मऊ होतो.)

मागची खोली ताब्यात आली तेव्हा पहिली हकालपट्टी झाली व्यायामाच्या सायकलची. सायकल अहोंची. अहो म्हणजे माझा नवरा. त्यांना सायकलवर बसलेलं कोणी पाहिलं नव्हतं. त्यांच्या पँटी मात्र नियमित व्यायाम करत.

मी दातांची डॉक्टर आहे. तोंड ही फार अंधारी, ओली आणि बोलकी जागा आहे. लाकूड उजेडात असतं, कोरडं असतं आणि मध्येच थुंकायला उठत नाही. म्हणून सुतारकाम.

दवाखान्याचं जुनं दार दोन लाकडी घोड्यांवर आडवं टाकलं, झालं टेबल. त्याला लाकूड आवळून धरायचा शिकंजा ठोकला. करवती भिंतीवर, पटाश्या कप्प्यात. आणि काटकोन तपासायचा गुण्या. तो हातात आला आणि घराची अब्रू गेली. चौकटी वाकड्या, जेवणाचं टेबल वाकडं, फ्रिजमागचा कोपरा तर कोपरा म्हणायच्या लायकीचाच नव्हता.

अहो म्हणाले, "गुण्या तर आला. गोविंद कधी येतोय? म्हणजे नांदायला लागू."

ऐंशी नंबर

एक वस्तू हलली नाही. सासूबाईंचं कपाट.

"ते राहील," त्या म्हणाल्या. घर त्यांच्या नावावर आहे, त्यामुळे त्यांची वाक्यं लहान असतात.

त्या कपाटाचं दार अडकायचं. उघडायची रीत त्यांनाच ठाऊक: खाली गुडघा, वर तळहात, मध्ये एक शिवी. अहोंनी लहानपणापासून प्रयत्न केले. त्यांना शिवी जमली, दार नाही.

एका संध्याकाळी सासूबाई फिरायला गेल्या आणि मला पुळका आला. बिचाऱ्यांचे गुडघे! पटाशीनं उचकटून दार उतरवलं, आत नजरही न टाकता शिकंज्यात धरलं, कडेवरून रंधा फिरवला. सुर्र. कुरळी, पातळ सालपटं पायावर पडायला लागली. जगात याहून चांगला आवाज असेल तर मला ऐकवा. दार परत बसवलं. कागद सरकेल एवढी फट, वरपासून खालपर्यंत सारखी. एका बोटानं ढकललं, लागलं.

मी मागे सरून स्वतःचं कौतुक करत उभी होते, तेवढ्यात ते उघडलं. आपोआप. हॉटेलातल्या दरवानासारखं, अदबीनं.

कपाट केसभर पुढे कललेलं होतं. दार इतकी वर्षं नुसत्या अडकण्यावरच बंद राहिलं होतं.

एकशेवीस नंबर

मधल्या फळीवर, स्वेटरच्या घडीवर, एक डबी. डबीत कवळी, वरची आणि खालची.

सासूबाईंची कवळी मीच केलेली. माझं सर्वोत्तम काम. डॉक्टरांच्या परिषदेत मी तिचे फोटो दाखवलेत. ही ती नव्हती. हिच्या हिरड्या बबलगमसारख्या गुलाबी होत्या, आणि तो रंग गावात एकच माणूस वापरतो: पुलापलीकडचा डेंटिस्ट. कॉलेजात माझ्या मागच्या बाकावर बसायचा. अजून तिथेच आहे असं मी समजत होते.

अहो ऑफिसात. सासूबाई दारात.

"कोणी उघडलं?"

"आपोआप उघडलं."

"इतक्या वर्षांत नाही ते? आजच त्याला वारा खायचा होता?"

"मी जरा रंधा मारला. तुम्हाला त्रास नको म्हणून. आई, ही कवळी कोणाची?"

"माझी."

"तुमची तुमच्या तोंडात आहे."

"ती तुझी. तू समोर असलीस की घालते."

"का? टोचते?"

"चावते. मी घास चावायच्या आत ती मला चावते."

"मग मला सांगायचं नाही?"

"सांगितलं होतं. तू म्हणालीस, माप बरोबर आहे, सवय होईल."

(हे मी सगळ्यांनाच म्हणते.)

"म्हणून त्या पुलापलीकडच्या गाढवाकडे?"

"गाढव विचारतं तरी. 'आजी, कुठे लागतं? इथे? का इथे?' आता ऐक. माझ्या मुलाला यातलं अक्षर कळता कामा नये. त्याच्या पोटात काही राहत नाही. डॉक्टरणीची सासू दुसरीकडे दात करते, ही बातमी त्याच्या मावशीपर्यंत जायला त्याला एक फोन पुरेल. तुझं हसं होईल."

"माझं?"

"आणि मला लाज. दुसरं. हे दार पूर्वीसारखं अडकलं पाहिजे. मी पडेन म्हणून तुम्ही बाथरूमची कडी काढलीत. माझ्या खोलीची काढलीत. माझ्याशिवाय कोणाला उघडत नाही असं एवढं एकच दार होतं. ते तू सरळ केलंस."

"आई, एकदा घासलेलं लाकूड—"

"रविवारपर्यंत. नाहीतर खोली रिकामी कर. सायकल येऊ दे परत."

दोनशेवीस नंबर

नीट बसवायचं कसं, यावर कपाटभर पुस्तकं आहेत. बिघडवायचं कसं, यावर एक नाही. रंध्याचं दातांसारखंच असतं: काढलेलं परत उगवत नाही.

मी दाराच्या कडेला सरस लावून एक पातळ पट्टी चिकटवली. मापानं. (मापानंच.) सासूबाईंनी डबी आत ठेवली, मी दार ढकललं, लागलं. घट्ट. त्यांनी गुडघा दिला. तळहात दिला. शिवी दिली. दुसरी दिली. तिसरी मला होती.

चांगली कवळी आत, आम्ही बाहेर.

रात्री जेवायला गाजराच्या चकत्या होत्या. सासूबाईंनी माझी कवळी घातली आणि पहिल्यांदाच काही लपवलं नाही. घास उजवीकडे. थांबल्या. डावीकडे. डोळ्यांत पाणी. एक चकती जिभेनं दाबून, मऊ करून, अखेर तशीच गिळली. आणि सबंध वेळ माझ्याकडे बघत होत्या.

"आई, काय होतंय?" अहो.

"काही नाही रे. सवय होतेय."

परिषदेत या कवळीला टाळ्या पडल्या होत्या. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी कोणाला ती घालून जेवायचं नव्हतं.

परत साठ नंबर

रविवारी सकाळी पटाशीनं दार उचकटलं. डबी न बघता त्यांच्या हातात दिली. टेबलाजवळ स्टूल ठेवलं.

"बसा. तुम्ही सांगाल तसं."

"तुझं ते माप?"

"मापाला सुट्टी."

पट्टीवरून कागद फिरवला, दार टांगलं. गुडघा, तळहात, शिवी.

"वर धरतंय," त्या म्हणाल्या.

दार उतरवलं. घासलं. टांगलं.

"आता?"

"आता खाली सैल. घाई करू नकोस, तुला पेशंट नाहीये बाहेर."

"इथे लागतं?"

"त्याच्या जरा वर. हां. अगं हळू! लाकूड आहे म्हणून काय झालं?"

दुपार उलटून गेली. दोघींच्या भुवया भुशानं पांढऱ्या, त्यांच्या तर आधीच होत्या. शेवटी दार एका विशिष्ट कुरकुरीनं अडलं आणि गुडघ्याच्या एका विशिष्ट ठोशानं सुटलं. त्यांनी ते तीनदा करून बघितलं. मग मी एकदा केलं. मलाही उघडलं.

सासूबाईंचा चेहरा पडला.

"तुला कळलं की."

"मीच तर घासलंय, आई."

"मग अडकवून उपयोग काय?" त्यांनी माझ्या हातातला कागद घेतला. "बाहेर जा."

"ही माझी खोली आहे."

"ते संध्याकाळी बघू."

आतून कडी लागली. माझ्याच वर्कशॉपच्या बाहेर, चपलांच्या रॅकवर, मी बसून राहिले. आत खर्र खर्र. मग शांतता. मग अनोळखी शिवी, फार जुनी, फार दमदार. मग सुर्र. माझा रंधा! कोणी आपल्या पेशंटला दुसऱ्याच्या खुर्चीवर बघावं, तसं मला झालं.

अहो आले. "आई आत काय करतेय?"

"सुतारकाम."

"तिला येतं?"

"मला येत होतं असं मलाही वाटायचं."

कडी उघडली. सासूबाई अंबाड्यात फुलासारखं सालपट घेऊन बाहेर आल्या. "खोली तुझी," म्हणाल्या आणि हात धुवायला गेल्या.

मी आत शिरले. दाराला गुडघा दिला, तळहात दिला. ढिम्म. शिवी बदलून बघितली. अहोंनी खांदा लावला आणि खांदा चोळत बसले.

रात्री काकडी होती, जाड चिरलेली. सासूबाई कराकरा खात होत्या. डावीकडे, उजवीकडे, मधूनच हसत. हसल्या की हिरड्या दिसत. बबलगम. मी ताटात बघत राहिले.

अहो खूश. "बघ आई, मी म्हणत होतो ना? शेवटी हिचे दात बसलेच की तुला!"

सासूबाईंचा घास थांबला.

"हो," मी म्हणाले. "जरा वेळ लागला. काकडी घ्या, आई."