‘उ’ची बाटली

थंडी सरल्याचं घरात सगळ्यांत आधी कळलं ते मावशीच्या उजव्या हाताला. मनगटापासून कोपरापर्यंत जिथे मांडीची कातडी आणून लावली होती, तेवढ्या भागाला घाम येत नव्हता. घाम यायला त्यात ग्रंथीच उरल्या नव्हत्या. पण त्याच्या कडेकडेने, मूळच्या कातडीवर, बारीक घामोळं उठलं होतं. हिवाळाभर जे जाड मलम त्या हाताचं कोरडेपण सांभाळत होतं, तेच आता आतली ऊब कोंडून धरत होतं.

भाचीने हात खिडकीपाशी नेऊन नीट पाहिला. ती रसायनशास्त्राची पदवी घेऊन नुकतीच पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत लागली होती, आणि घरातलं काहीही ती नमुना असल्यासारखी न्याहाळायची. म्हणून मावशीने तिचं नाव मोजपट्टी ठेवलं होतं.

“काय म्हणतेय पट्टी? पास की नापास?”

“मलम बदलायला हवं. हवा बदलली.”

“हवा बदलली तर पंखा लाव की. माझ्या हातावर का घसरतेस?”

मावशी हसत होती, पण नजर भाचीच्या चेहऱ्यावर होती. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात तपासणी होती. मावशी लाँड्रीत वाफेच्या प्रेसवर काम करायची. त्याच प्रेसचं झाकण हातावर पडलं आणि तेव्हापासून ती ताईकडे, म्हणजे भाचीच्या आईकडे, राहायला आली होती. लाँड्रीतली जागा अजून तिच्यासाठी राखून ठेवली होती. पण परवा मालकाचा फोन आला होता: तपासणीत हो म्हणाले तर लगेच या, नाहीतर मला दुसरी बाई बघावी लागेल. त्यात त्याचाही दोष नव्हता. गिऱ्हाइकांचे कपडे काही कोणाचा हात बरा होण्याची वाट बघत नाहीत.

“संध्याकाळी आले की नवीन लोशन काढून देते,” असं म्हणून भाची निघाली.

नंतर बसमध्ये तिला वाटलं, दिवसभर ते मलम कशाला राहू द्यायचं? दुपारी ऊन तापेल, घामोळं वाढेल आणि उद्या सिस्टरच्या डोळ्यांत तेच पहिलं भरेल. तिने फोन लावला.

“मावशी, कोमट पाण्याने मलम धुऊन टाक. आजपासून ‘हि’ बंद, ‘उ’ सुरू.”

“बरं बाई. तुझी आज्ञा.”

मावशीला नळी पिळायला किंवा झाकण फिरवायला जमत नसे. त्यामुळे भाचीने सगळी मलमं आणि लोशनं दाबायच्या बाटल्यांमध्ये भरून ठेवली होती, डाव्या हाताच्या तळव्याने दाबलं की पुरे. बाटल्या एकसारख्या, तपकिरी. हिवाळ्याच्या बाटलीवर ‘हि’, उन्हाळ्याच्या बाटलीवर ‘उ’.

दुपारी डबा खाताना तिने पुन्हा फोन केला, सहजच.

“लावलं का?”

“लावलं. सकाळी लावलं, मघाशी परत लावलं. चांगलं चोपडलंय. वास मात्र दवाखान्यासारखा येतोय गं याला.”

भाचीचा घास हातातच राहिला. उन्हाळी लोशनला वास नव्हता. वास नसलेलंच तिने मुद्दाम निवडलं होतं.

“मावशी, बाटली कुठून घेतलीस?”

“कुठून म्हणजे? आरशाखालच्या फळीवरून. ‘उ’ लिहिलंय ठळक.”

उन्हाळ्याची बाटली फ्रीजमध्ये होती. गार राहावी म्हणून भाचीनेच आठवड्यापूर्वी ती दाराच्या कप्प्यात ठेवली होती, आणि सांगायचं राहून गेलं होतं. फळीवर होती ती आईची. थंडीत आईच्या टाचांना भेगा पडल्या तेव्हा तिने हट्ट धरला होता, “तिला दाबायची बाटली आणि मी काय नळ्या पिळत बसू?” भाचीने टाचांचं मलम भरून दिलं होतं आणि घाईत वर लिहिलं होतं ‘उ’. उललेल्या टाचांसाठी.

त्या मलमात युरिया होता, सॅलिसिलिक अ‍ॅसिड होतं. टाचेची घट्ट, निबर कातडी विरघळवून काढण्याइतकं. मावशीच्या हातावरची कातडी कागदासारखी पातळ होती.

“धू ते. आत्ताच्या आत्ता, साध्या पाण्याने. चोळू नकोस, नुसती धार सोड.”

“अगं पण झोंबत कुठंय?”

तीच तर भीती होती. त्या भागाला पुरती जाणीव अजून आलेली नव्हती. झोंबलं असतं तर मावशीने पहिल्या मिनिटाला शिव्या घालून हात धुतला असता.

भाची साहेबांना सांगून निघाली. वाटेत ती मनाशी हिशेब मांडत होती, किती दाट, किती वेळ, पाण्याने किती उतरेल. पण कुठलंच उत्तर हाती लागत नव्हतं, कारण असल्या कातडीचा आकडा तिने वाचलेल्या कुठल्याच पुस्तकात नव्हता. 

घरी मावशी मोरीत स्टुलावर बसली होती, हात नळाखाली. आई शेजारी टॉवेल घेऊन उभी.

“ही बघ आली,” आई म्हणाली. “पदवी घेतली आणि माझी टाच हिच्या हाताला चिकटवली.”

“ताई, गप बस. पोरगी आधीच पांढरी पडलीय.”

हात लाल झाला होता. पहिल्या दिवसांतल्यासारखा नाही, पण सकाळपेक्षा नक्कीच. मधोमध एके ठिकाणी वरचा पापुद्रा पांढरट होऊन सैल सुटला होता. भाचीने बोट न लावता जवळून पाहिलं. ओल नव्हती, फोड नव्हता. ती बघतच राहिली.

“‘उ’ म्हणजे उन्हाळा,” मावशी म्हणाली. “शेंबडं पोरही हेच म्हणेल.”

“हो. माझंच चुकलं.”

“मग आता तोंड पाडू नकोस. उद्यापर्यंत उतरेल ना हे?”

“आजच हॉस्पिटलात दाखवू या.”

“अजिबात नाही. हात दाखवून अवलक्षण! उद्या बोलावलंय ना, उद्या जाऊ.”

भाचीने तरी हॉस्पिटलच्या जळीत विभागात फोन केला. तिकडून सांगितलं, धुतलं ते बरं केलं, आता काही लावू नका, फोड आला तर लगेच या, नाहीतर उद्या आहेच. फोन कोणी उचलला ते कळलं नाही आणि नाव विचारायचं तिला सुचलं नाही. मग संध्याकाळभर ती काही ना काही निमित्त काढून मावशीच्या आसपास घुटमळत राहिली. शेवटी मावशीने हात ओढणीखाली घेतला आणि म्हणाली, “तिकीट लावते आता बघायला.”

सकाळी लाली उतरली होती, पण पुरती नाही. पापुद्र्याचा तुकडा गळून पडला होता आणि खाली गुलाबी, चकचकीत, नवी जागा दिसत होती. मावशीने पूर्ण बाह्यांचा सदरा घातला.

“विचारलं तर ऊन लागलं म्हणायचं,” तिने जिन्यातच बजावलं. “मी बोलेन. तू नुसती बस.”

सिस्टर मध्यमवयीन होत्या, चष्मा डोक्यावर ढकललेला. त्यांनी मूठ वळायला लावली, मनगट फिरवायला लावलं, कातडी दोन बोटांनी हलकेच सरकवून पाहिली.

“हालचाल एकदम छान. व्यायाम केलेत हं तुम्ही मनापासून. आणि ही लाली?”

“ऊन लागलं हो,” मावशी म्हणाली. “काल गच्चीत कपडे वाळत घालत होते.”

“झाकून जायचं ना. एवढ्याने घाबरायचं कारण नाही. मलम दाट लावा, बाहेर जाताना झाका. कामाला हळूहळू सुरुवात केलीत तरी...”

मावशीचा चेहरा उजळला. तिने भाचीकडे पाहिलंही नाही.

 भाची बोलली नाही तर मावशी लगेच प्रेससमोर उभी राहणार होती. वरचा थर विरघळून गेलेला, खालची जागा कोवळी, आणि त्यावर दिवसभर वाफ. शिवाय वरून तेच दाट मलम. आणि बोलली तर लाँड्रीतली जागा गेली. तिला तिसरा रस्ता हवा होता आणि तो सापडेना.

“सिस्टर, ऊन नाही,” ती म्हणाली. “टाचांचं मलम लागलंय. युरिया आणि सॅलिसिलिकचं. दोनदा. बाटलीवर मी चुकीचं लिहिलं होतं.”

मावशीने डोळे मिटले.

सिस्टरनी चष्मा डोळ्यांवर ओढला आणि हात पुन्हा दिव्याखाली घेतला. या वेळी पाहायला बराच वेळ लागला. “बरं झालं सांगितलंत,” त्या शेवटी म्हणाल्या. “हे भरून येईल. पण वाफ इतक्यात नाही. उष्णता लागली तर इथेच फोड येईल, आणि मग परत पहिल्यापासून. डॉक्टरही हेच सांगतील.”

“प्रेस नको,” मावशी घाईने म्हणाली. “घड्या घातल्या तर? नुसत्या घड्या. गार कपड्यांच्या.”

“त्याला माझी हरकत नाही. वाफेपासून लांब बसायचं.”

बाहेर व्हरांड्यात मावशीने मालकाला फोन केला. तिचं बोलणं तेवढं ऐकू येत होतं. “हो... नाही, प्रेस नाही... घड्या म्हणत होते मी... हो, घड्यांना त्या दोघी आहेत, माहितीये मला... बरं, बघा. सांगा मग.” तिने फोन पिशवीत टाकला.

“काय म्हणाले?”

“बघतो म्हणाले.”

“मावशी, मी...”

“काही बोलू नकोस. मला राग आलाय. येऊ दे मला.”

दोघी चालू लागल्या. दुपार व्हायची होती, तरी ऊन चढलं होतं आणि रस्त्याच्या त्या बाजूला एकही झाड नव्हतं. मावशी पुढे, भाची दोन पावलं मागे. मग भाचीच्या लक्षात आलं की ऊन उजवीकडून येतंय, थेट त्याच हातावर. सदऱ्याची बाही पातळ होती. ती झपाझप पुढे गेली, मावशीच्या उजव्या अंगाला आली आणि आपली सावली त्या हातावर पडेल अशी चालू लागली. सावली कधी मागे पडायची, कधी पुढे सरकायची. दर दहा पावलांनी तिला वेग बदलावा लागत होता. त्या नादात तिचा पाय मावशीच्या चपलेवर पडला.

“अगं ए! सरळ चाल की. पायात काय येतेस?”

“ऊन या बाजूला आहे.”

मावशीने खाली पाहिलं, आपल्या हाताकडे आणि त्यावरच्या सावलीकडे.  राग गेला नव्हता. ओठ तसेच घट्ट होते. पण पुढच्या वळणापर्यंत ती जरा सावकाश चालली.