सत्तेचाळीस नंबरचा बिल्ला

जहाजावर सगळे तिला वहिनी म्हणत. तिचा धाकटा दीर त्याच जहाजावर कामाला होता, तो तिला वहिनी म्हणून हाक मारायचा, आणि बघता बघता ती अख्ख्या जहाजाची वहिनी झाली. दुसऱ्या मुलखातून आलेल्या मुख्य आचाऱ्याला तर ते तिचं नावच वाटायचं. एकदा पगाराच्या यादीत 'वहिनी' सापडेना, तेव्हा तो बिचारा तिची बाजू घेऊन भांडायला निघाला होता.

वहिनीकडे तिसऱ्या मजल्यावरच्या चौदा खोल्या होत्या. सकाळी चादरी बदलायच्या, न्हाणीघरं घासायची, आणि संध्याकाळी पडदे ओढायला, सुके टॉवेल ठेवायला पुन्हा एक फेरी. पाहुणे एकजात श्रीमंत आणि बहुतेक साठी उलटलेले. जगाच्या पार तळाच्या समुद्रात तीन आठवडे फिरायचं, रबरी बोटींतून निर्मनुष्य किनाऱ्यांवर उतरायचं, पेंग्विन आणि सील बघायचे, आणि परत येऊन गरम पाण्याच्या टबात बसायचं, असा त्यांचा दिनक्रम. "थंडी विकत घ्यायला आलेली माणसं," असं दीर म्हणायचा.

हा दीर म्हणजे तिच्या हाताखाली वाढलेला. लग्न होऊन ती घरात आली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. त्याचा अभ्यास तिनेच घेतला, गोवरात उशाशी तीच बसली. चारचौघांत 'भाऊजी, तुम्ही' आणि एकटं असलं की 'अरे', असं तिचं त्याच्याशी बोलणं. मोठा झाल्यावर तो कुठे टिकेना. आज या गोदामात, उद्या त्या दुकानात. शेवटी नवरा तिला म्हणाला, "तूच ने त्याला जहाजावर. तुझा धाक आहे त्याला." तिने वरिष्ठांकडे शब्द टाकला, "माझ्या घरचा आहे, मी बघते त्याच्याकडे." आणि खरंच, दीड वर्षात त्याच्याबद्दल एक तक्रार आली नव्हती.

त्याचं काम होतं बिल्ल्यांच्या फळ्याचं. बोटीत उतरायच्या दाराशी एक मोठा लाकडी फळा होता आणि त्यावर प्रत्येक पाहुण्याच्या नंबरचा बिल्ला टांगलेला. पाहुणा किनाऱ्यावर निघाला की बिल्ला लाल बाजूने वळवायचा, परत आला की पांढऱ्या बाजूने. प्रत्येकाने आपला बिल्ला स्वतः फिरवायचा, आणि दिराने तो फिरवलाय की नाही एवढं बघायचं. फळ्यावर एक जरी लाल दिसला तरी जहाज हलायचं नाही. काम सोपं होतं, पण त्यावर माणसांचे जीव टांगलेले होते.

सत्तेचाळीस नंबरचा बिल्ला एका म्हाताऱ्या गृहस्थांचा होता. नोकर मंडळींत त्यांचं नाव दुर्बीणआजोबा. जेवतानाही दुर्बीण गळ्यात. पक्ष्यांचं इतकं वेड की मोठ्या पांढऱ्या अल्बट्रॉसचं घरटं बघायचं म्हणून त्यांनी म्हणे हा सगळा प्रवास धरला होता. त्यांची बायको त्यांच्यापेक्षा धडधाकट आणि जिभेने तिखट. दोघांची दिवसातून दोनदा तरी जुंपायची, बहुतेक वेळा त्यांच्या कानातल्या यंत्रावरून. ते यंत्र त्यांना नको असायचं. "वाऱ्यात नुसती शिट्टी वाजते त्यात," असं ते वहिनीला कुरकुरत सांगायचे.

त्या दिवशी दुपारी एका बेटावर सगळे उतरले. तीनच्या सुमाराला वारा अचानक फिरला. समुद्र खवळायला लागला, किनाऱ्यावर शिट्ट्या झाल्या आणि गाईडांनी माणसांना भराभर बोटींत बसवलं. दाराशी एकच झुंबड उडाली. कुणी ओकत होतं, कुणी भिजून कुडकुडत होतं, एका बाईचा बूट समुद्रात गेला होता म्हणून ती रडत होती. दीर एका हाताने माणसांना आत ओढत होता आणि दुसऱ्या हाताने बिल्ले फिरवत होता. पाहुण्यांची शेवटची बोट रिकामी झाली तेव्हा फळ्यावर एकच लाल बिल्ला उरला. सत्तेचाळीस.

आजोबांची बायको तिथेच खांबाला टेकून बूट काढत होती. त्याने विचारलं, "मॅडम, साहेब आले ना?"

"वर गेले असतील," ती म्हणाली. "माझ्यासाठी कधी थांबलेत ते?"

दिराने बिल्ला फिरवला. किनाऱ्यावरून गाईडने रेडिओवर विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "फळा साफ." चार वाजता जहाजाने नांगर उचलला.

पाच वाजता वहिनी संध्याकाळच्या फेरीला त्या खोलीत शिरली. बाई नव्हत्या, वर चहाला गेल्या होत्या. वहिनीने पडदे ओढले, टॉवेल बदलला, आणि बेसिनवर तिला ते कानातलं यंत्र दिसलं. त्यात नवल नव्हतं. पण दाराजवळच्या रबरी चटईवर बुटांची एकच जोडी होती, ओली, लहान मापाची. खुंटीवर किनाऱ्यावर घालायचं लाल जाकीट एकच. टेबलावर गोळ्यांच्या डबीत दुपारचा कप्पा भरलेला.

ती वर गेली. बाई खिडकीशी एकट्याच चहा घेत होत्या. "मॅडम, साहेब कुठे आहेत?"

"वाचनालयात बसले असतील फुगून. सकाळी वाजलंय आमचं." त्यांनी मानही वळवली नाही. "आज मी शोधायला जाणार नाहीये."

वाचनालयात ते नव्हते. वहिनी जवळजवळ पळतच खाली दिराकडे गेली. तो पायपाने दाराजवळची खारट घाण धूत होता. "अरे, सत्तेचाळीस नंबर आला होता? तू डोळ्यांनी पाहिलास?"

त्याच्या हातातला पाईप तसाच वाहत राहिला. "वहिनी, त्यांच्या बायकोने सांगितलं आले म्हणून."

"तू पाहिलंस का?"

"नाही." मग एकदम तिचा हात धरून म्हणाला, "वहिनी, कुठेतरी असतील हो. जहाज केवढं मोठं आहे. मला दहा मिनिटं द्या. आता वर सांगितलं आणि ते कुठे झोपलेले सापडले, तर मी बिल्ला फिरवला हे बाहेर येईल आणि मी मेलो. दहाच मिनिटं."

नऊ वर्षांचा असताना पाटी फोडून आलेला चेहरा तिला दिसला. तिने मान हलवली. आपलेच दात आणि आपलेच ओठ, करणार काय!

दहा मिनिटं कसली. तो पुढच्या बाजूला, ती मागच्या बाजूला. वाफेची खोली, दवाखान्याबाहेरची बाकं, पक्षी बघायला लोक उभे राहतात तो वरचा कठडा. एकदा तर एक पाठमोरी टोपी दिसली आणि तिचा जीव भांड्यात पडला. माणूस वळला तर वेगळाच. प्रत्येक रिकाम्या जागेनंतर तिला वाटायचं, आता सांगावं. आणि प्रत्येक वेळी वाटायचं, एवढी एक जागा बघून घेऊ. मागच्या डेकवर आली तेव्हा वारा इतका होता की तिला दार उघडेना. काचेतून तिने बघितलं. बेट कधीच दिसेनासं झालं होतं. जहाजाच्या आत हीटरशेजारी उभ्या असलेल्या वहिनीला तिथे हुडहुडी भरली. या वाऱ्यात एक म्हातारा माणूस आणि आपण इथे कोपरे धुंडाळतोय.

ती सरळ वर गेली आणि मुख्य अधिकाऱ्याला सांगितलं. भिंतीवरच्या घड्याळात सहाला पाच कमी होते.

पुढचं सगळं झपाट्याने झालं. भोंगा वाजला, खोल्या तपासल्या, कप्तानाने जहाज फिरवलं. पण वारा समोरून होता. जायला जिथे दोन तास लागले होते तिथे यायला अडीच तास लागले. आजोबांच्या बायकोला दवाखान्यात बसवलं होतं. तिच्या पायात अजून घरातल्याच सपाता होत्या आणि ती येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच विचारत होती, "पण फळा साफ होता ना? मग?"

त्या भागात उन्हाळ्यात उजेड लवकर जात नाही. साडेआठला पहिली बोट गेली तेव्हा आभाळ राखेसारखं होतं. दीर स्वतःहून त्या बोटीत चढला. कुणी त्याला अडवलं नाही.

आजोबा निशाणं लावलेल्या वाटेपासून बरेच लांब, एका चढापलीकडे सापडले. वर अल्बट्रॉसचं घरटं होतं. ते बघायला चढले असणार, उतरताना ओल्या गवतावरून घसरले, मांडीचं हाड मोडलं. शिट्ट्या त्यांना ऐकू गेल्याच नसतील. तिथून ते सरपटत किनाऱ्याच्या दिशेला आले होते. गवत दबलेल्या खुणेवरून ते कळत होतं. शेवटी सीलांच्या कळपापाशी थांबले होते. पुढे जायला त्या जनावरांनी वाट दिली नाही, की अंगातच काही उरलं नव्हतं, ते कोण सांगणार. तोंडावर बर्फाचा चुरा होता. जाकिटाच्या आत मात्र अंग पुरतं थंड झालं नव्हतं. डॉक्टर म्हणाला, "फार तर तासाभरापूर्वी."

जहाजावर अशा वेळेसाठी खाली एक थंड कपाट असतं. पाहुण्यांना ते माहीत नसतं, नोकरांना असतं. दुसऱ्या दिवशीचा पेंग्विनांचा किनारा रद्द झाला. एकदोघांनी त्याबद्दलही कुरकुर केली.

सकाळी बाईंनी वहिनीला बोलावून घेतलं. पलंगावर आजोबांचे कपडे पसरलेले होते. "मला घड्या घालता येत नाहीयेत," त्या म्हणाल्या. "तू घाल."

वहिनी घड्या घालू लागली. बाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "डॉक्टर म्हणतात, थोडं आधी कळलं असतं तर कदाचित... पण कुणाला कळणार? मलाच कळलं नाही. मी मजेत चहा पीत होते. नशीब म्हणायचं."

वहिनीच्या हातात शर्ट तसाच राहिला. गप्प बसणं सोपं होतं. रात्रीच दिराने तिला गाठून सांगितलं होतं, "मी सांगितलंय की तुम्हाला सहाला कळलं आणि तुम्ही लगेच वर गेलात. तुम्हीही तेच सांगा. वेळ कुणी बघितलीय?" तीही त्याला हो म्हणाली होती.

"मॅडम," ती म्हणाली, "मला पाच वाजता कळलं होतं. त्यांचे बूट नव्हते. मी तासभर शोधत राहिले आणि मग सांगितलं."

बाईंना आधी ते समजलंच नाही. मग समजलं. "का?"

"माझा दीर आहे. बिल्ला त्याने फिरवला होता."

"बाहेर जा," बाई म्हणाल्या. वहिनी दारापर्यंत गेली तेव्हा मागून आवाज आला, "नको. आधी ते शर्ट पुरे कर. दुसऱ्या कुणाला मी आता इथे येऊ देणार नाही." वहिनीने अकरा शर्ट, चार विजारी आणि एक हाताने विणलेला स्वेटर घडी करून बॅगेत ठेवला. बाई पाठ करून उभ्या होत्या.

दुपारी मुख्य अधिकाऱ्याने चौकशीला बोलावलं. कागदावर सहा वाजल्याचं आधीच लिहिलेलं होतं. वहिनीने सांगितलं, "पाच." त्याने पेन थांबवलं. "तुम्हाला नक्की आठवतंय? तुमच्या दिराने वेगळं सांगितलंय." ती म्हणाली, "नक्की आठवतंय." त्याने आकडा खोडला. शेजारच्या खुर्चीवर दीर बसला होता. त्याने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

पुढच्या बंदरात दोघांना उतरवलं. विमान तिसऱ्या दिवशी होतं, तोवर गोदीजवळच्या खलाशांच्या वसतिगृहात दोन लहान खोल्या मिळाल्या. लोखंडी पलंग, सामायिक संडास, खिडकीतून दिसणारा दगडी धक्का. धक्क्याच्या पायऱ्यांवर सील लोळत असायचे आणि दुसऱ्या जहाजांचे पाहुणे फोटो काढायला वाकायचे.

तिथून तिने घरी फोन लावला. नवऱ्याने आधी भावाकडून सगळं ऐकलेलं होतं.

"तासभर गप्प बसलीस ना?" तो म्हणाला. "मग जन्मभर बसायला काय झालं होतं? तो माणूस काय परत येणार होता?"

"नाही."

"मग कुणाचं भलं केलंस? त्याला आता कुठलं जहाज घेणार नाही. पोलिसांची चौकशी मागे लागेल ती वेगळी. आई कालपासून जेवलेली नाही."

तिला सांगायचं होतं, की त्या बाई 'नशीब' म्हणाल्या, आणि ते मला ऐकवेना. पण फोनवर ते सांगता येईना. ती म्हणाली, "मुलं जेवली का?" तो म्हणाला, "जेवली," आणि फोन ठेवला.

त्या संध्याकाळी तिने दिराचं दार वाजवलं. तो कपड्यांसकट पलंगावर पडला होता. "अरे, दोन घास खा."

"वहिनी," तो छताकडे बघत म्हणाला, "मी त्यांना उचललं तेव्हा त्यांची मान माझ्या खांद्यावर आली. झोपलेल्या पोराची येते तशी. हे मी चौकशीत नाही सांगितलं." मग म्हणाला, "तुम्ही जा आता. तुम्हाला बघितलं की मला तो तास दिसतो."

ती गेली.

याला आता दोन वर्षं झाली. चौकशीत बिल्ल्याचा दोष दिरावर आला, तासाचा दोघांवर, आणि कंपनी मोकळी सुटली. दीर एका कारखान्याच्या फाटकावर पहारा करतो. येणाऱ्या-जाणाऱ्याचं नाव तीन-तीनदा विचारतो, म्हणून लोक त्याच्यावर वैतागतात. वहिनी एका दवाखान्यात चादरी धुते. घरात सासूबाई तिच्याशी कामापुरतं बोलतात. नवरा आता बोलतो, पण त्या विषयावर नाही.

दीर तिच्यासमोर जेवत नाही. ती त्याचं ताट वाढते, पाण्याचा तांब्या ठेवते आणि अंगणात जाऊन बसते. मग तो येतो आणि जेवतो.